सातासमुद्रापलीकडचे निवृत्तिवेतन आणि आयकराची जबाबदारी

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता त्या काळी नांदेड, लातूर, उदगीरकडील व्यवहार करणाऱ्या मंडळींना दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. एक निजामाचा हाली सिक्का आणि दुसरा इंग्रज अमदानीतील कलदार. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार रुपये, हे कोष्टक त्या पिढीला तोंडपाठ असे. हाली सिक्का १९५०च्या दशकात चलनातून गेला आणि तो हिशेबही विस्मरणात गेला. आज याच दोन जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांपुढे पुन्हा दोन नाण्यांचा हिशेब उभा आहे. या खेपेस एका बाजूला रुपया आणि दुसऱ्या बाजूला डॉलर, पौंड किंवा दिरहम आहे. फरक एवढाच की, आता केवळ नाण्याचा भाव पाहून भागत नाही. दोन देशांचे कायदे पाहावे लागतात.

प्रश्न कोणापुढे उभा आहे?

नांदेड येथे १९८१ साली श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९८८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला आणि पुढे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने तेथील शिक्षणाचा बोलबाला राज्यभर झाला. या शिक्षणप्रसारातून जे तरुण डॉक्टर व अभियंते होऊन परदेशी गेले, त्यांची पहिली पिढी आता निवृत्तीच्या वयाला आली आहे. त्यांतील काही जण आई-वडिलांच्या सेवेसाठी किंवा मातीच्या ओढीने परत येतात. नांदेड हे तख्त सचखंड श्री हजूर साहिबचे स्थान असल्याने ब्रिटन व कॅनडातील शीख कुटुंबांचाही या शहराशी निकटचा संबंध आहे. याशिवाय आखाती देशांत मजुरी, वाहनचालन व बांधकामाची कामे करून परतणारा वर्ग आहे. आणि चौथा वर्ग याच्या अगदी उलट दिशेने जाणारा आहे. तो म्हणजे जिल्हा परिषदेच्या वा शासनाच्या सेवेतून निवृत्त होऊन मुला-मुलींकडे परदेशी राहावयास जाणारे शिक्षक व कर्मचारी.

या चारही वर्गांना एकच प्रश्न पडतो : निवृत्तीचा पैसा एका देशात आणि वास्तव्य दुसऱ्या देशात, अशा स्थितीत कर कोणाला, केव्हा आणि किती द्यावयाचा? पुष्कळांची समजूत अशी असते की, एका ठिकाणी कर दिला की दुसरीकडे विचारणा होत नाही. दुसरी समजूत याहून घातक आहे. परदेशातील खाते येथे कोणाला दिसत नाही, असे मानले जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत आयुष्यभराच्या पुंजीतून मोजावी लागू शकते.

पहिली पायरी : निवासी दर्जा

आयकराचा सारा विचार नागरिकत्वावरून नव्हे, तर निवासी दर्जावरून सुरू होतो. एखादी व्यक्ती आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात असेल, तर ती त्या वर्षापुरती निवासी ठरते. त्या वर्षी निदान ६० दिवस व मागील चार वर्षांत मिळून निदान ३६५ दिवस भारतात असली, तरीही ती निवासी ठरते. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक आणि परदेशातून भेटीसाठी येणारा भारतीय नागरिक यांना ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. तथापि भेटीस येणाऱ्याचे परदेशी उत्पन्न सोडून इतर उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

निवासी व्यक्तींतही दोन प्रकार आहेत. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस जो भारतात होता, तो ‘निवासी परंतु सर्वसाधारणतः निवासी नसलेला’ समजला जातो. अशा व्यक्तीचे परदेशात उद्भवणारे व परदेशातच प्रथम हाती येणारे उत्पन्न सामान्यतः भारतात करपात्र होत नाही. परदेशातून परतणाऱ्यास कायद्याने दिलेला हा स्थिरस्थावर होण्याचा अवधीच होय.

एक उदाहरण घेऊ. वीस-बावीस वर्षे अमेरिकेत राहिलेले एक अभियंता १ जून २०२५ रोजी लातूरला कायमचे परतले असे समजा. २०२५-२६ या वर्षी ते ३०४ दिवस भारतात राहिले म्हणून निवासी ठरतात; पण मागील दहाही वर्षे अनिवासी असल्याने त्यांना वरील सवलत मिळते. २०२६-२७ या वर्षीही मागील दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असल्याने सवलत टिकते. २०२७-२८ साली मात्र नऊ वर्षांची अट पुरी होत नाही. मग सात वर्षांचे दिवस मोजावे लागतात. ३०४ व ३६५ मिळून ६६९ दिवस होतात. त्याआधीच्या पाच वर्षांतील सुट्ट्यांच्या भेटी ६० दिवसांहून अधिक झाल्या असतील, तर ते पूर्ण निवासी ठरतात आणि त्यांचे जगातील सर्व उत्पन्न भारतात करपात्र होते. पारपत्रावरील येण्या-जाण्याचे शिक्के अशा वेळी किती मोलाचे ठरतात, हे यावरून ध्यानी यावे.

परत आलेल्यांचे खाते आणि कलम ८९-अ

अमेरिकेतील ४०१-के किंवा आय. आर. ए. या नावांची खाती, तसेच ब्रिटन व कॅनडातील तत्सम निवृत्तिखाती यांचे एक वैशिष्ट्य आहे. खात्यात दर वर्षी व्याज, लाभांश वा नफा जमा होतो, पण तो देश त्यावर त्या वर्षी कर घेत नाही. पैसा काढला की मग कर घेतो. भारतीय कायद्याची रीत वेगळी. पूर्ण निवासी व्यक्तीचे उत्पन्न ज्या वर्षी उद्भवते, त्या वर्षी ते करपात्र होते.

यातून पेच असा निर्माण झाला की, लातूरला परतलेल्या गृहस्थाने खात्यातील वाढीवर भारतात आज कर भरावा आणि दहा वर्षांनी पैसा काढताना अमेरिकेतही कर भरावा. दोन्ही देशांतील कराची वर्षे जुळत नसल्याने एकीकडे भरलेल्या कराची दुसरीकडे जमा मिळणेही अवघड होते. हातात न आलेल्या पैशावर कर आणि हातात आल्यावर पुन्हा कर, अशी ही अवस्था होती.

हा पेच सोडविण्यासाठी वित्त अधिनियम, २०२१ अन्वये आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ८९-अ घालण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये त्याखालील नियम २१-अअअ आणि अधिसूचित देशांची नावे प्रसिद्ध झाली. ते देश तीन : अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन (उत्तर आयर्लंडसह) आणि कॅनडा. या तरतुदीनुसार, भारतात अनिवासी व त्या देशात निवासी असताना ज्याने असे खाते उघडले, त्यास विकल्प देता येतो. विकल्प दिला की खात्यातील उत्पन्नावर भारतात दर वर्षी कर न लागता, त्या देशात पैसा काढल्यावर ज्या वर्षी कर लागतो त्याच वर्षी येथेही कर लागतो. वर्षे जुळल्यामुळे तेथे भरलेल्या कराची येथे जमा मिळणे सुकर होते.

हा विकल्प आपोआप मिळत नाही. त्यासाठी नमुना १०-ईई हा विवरणपत्राच्या विहित मुदतीच्या आत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करावा लागतो. एकदा दिलेला विकल्प पुढील सर्व वर्षांना लागू राहतो आणि तो मागे घेता येत नाही. विकल्प देणारी व्यक्ती पुढे पुन्हा परदेशी गेली व अनिवासी झाली, तर तो विकल्प मुळातच दिला नव्हता असे समजले जाते आणि दरम्यानच्या सर्व वर्षांचे साचलेले उत्पन्न एकदम करपात्र होते. म्हणून ज्यांचा पाय अजून दोन्ही दगडांवर आहे, त्यांनी हा विकल्प पूर्ण विचारांती द्यावा.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. पैसा काढताना त्या देशात कर लागतो, अशाच खात्यांसाठी ही तरतूद आहे. अमेरिकेतील ‘रॉथ’ प्रकारच्या खात्यातून नियमानुसार काढलेल्या रकमेवर तेथे कर नसतो. त्यामुळे असे खाते या व्याख्येत बसविणे कठीण आहे. ऑस्ट्रेलिया, जर्मनी इत्यादी देश २०२२ च्या त्या यादीत नाहीत.

कर कोणत्या देशाचा?

दोन देशांनी एकाच उत्पन्नावर कर घेऊ नये यासाठी भारताने अनेक देशांशी करार केले आहेत. अमेरिकेशी १९८९ साली, ब्रिटनशी १९९३ साली आणि कॅनडाशी १९९६ साली असे करार झाले. निवृत्तिवेतनाबाबत त्यांतील तरतुदी एकसारख्या नाहीत.

अमेरिकेशी झालेल्या करारानुसार भारतात राहणाऱ्यास तेथील खासगी नोकरीबद्दल मिळणारे निवृत्तिवेतन सामान्यतः भारतातच करपात्र असते. उलट तेथील ‘सोशल सिक्युरिटी’ हे सामाजिक सुरक्षा वेतन केवळ अमेरिकेतच करपात्र असते. मात्र कराराच्या परिभाषेत निवृत्तिवेतन म्हणजे ठराविक काळाने मिळणारी रक्कम. सारी पुंजी एकरकमी काढली, तर ती या व्याख्येत बसेलच असे नाही. अनिवासी परकीयास द्यावयाच्या रकमेतून अमेरिकेत सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो. वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पैसा काढल्यास बहुधा १० टक्के अधिक कर लागतो. कराराचा लाभ घ्यावयाचा तर डब्ल्यू-८-बेन हा नमुना खाते सांभाळणाऱ्या संस्थेस द्यावा लागतो. भारतात निवासी असल्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून घेऊन ठेवणेही श्रेयस्कर असते.

येथे एक बारकावा आहे. करारानुसार जो कर अमेरिकेत लागतच नाही, तो तेथे कापू दिला, तर त्याची जमा भारतात मिळणे कठीण जाते. तो पैसा अमेरिकेकडूनच परत मागावा लागतो. तसेच ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्यावर ते लातूरला राहोत की नांदेडला, अमेरिका आपल्या कायद्याने कर आकारू शकते.

ब्रिटनशी झालेल्या करारानुसार शासकीय सेवेव्यतिरिक्तचे निवृत्तिवेतन निवासाच्या देशातच करपात्र आहे. ब्रिटनमधून नांदेडला येऊन राहणाऱ्या वृद्धांनी आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. तेथील राज्य निवृत्तिवेतन भारतात मिळते, पण त्यात दर वर्षी होणारी वाढ भारतात राहणाऱ्यास मिळत नाही. रक्कम आहे तेथेच गोठते. कॅनडा अनिवासी व्यक्तीच्या निवृत्तिवेतनातून सर्वसाधारणपणे २५ टक्के कर कापून घेतो. करारानुसार योग्य रीतीने कापलेल्या अशा कराची जमा मिळविण्यासाठी भारतात नमुना ६७ दाखल करावा लागतो. भारत व कॅनडा यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑगस्ट २०१५ पासून अंमलात असून, दोन्ही देशांतील कालावधी जोडून पात्रता ठरविण्याची त्यात सोय आहे. अमेरिकेशी असा करार नाही. तेथे साधारण दहा वर्षांच्या कामाचे ४० गुण पुरे झाल्याशिवाय सामाजिक सुरक्षा वेतनाचा हक्क मिळत नाही. सात-आठ वर्षे अंशदान भरून परतलेल्यांचे ते पैसे बहुधा तेथेच राहतात.

माहिती देण्याचे कर्तव्य

कर लागो अथवा न लागो, पूर्ण निवासी व्यक्तीने आपल्या परदेशातील मालमत्तेची माहिती विवरणपत्राच्या ‘एफ. ए.’ या अनुसूचीत देणे बंधनकारक आहे. ही माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाची द्यावयाची असते. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी विवरणपत्र भरावेच लागते. कलम ८९-अ खालील विकल्पामुळे कर पुढे जातो; माहिती देण्याचे कर्तव्य पुढे जात नाही.

माहिती न दिल्यास काळा पैसा (अघोषित परदेशी उत्पन्न व मालमत्ता) व कर आकारणी अधिनियम, २०१५ अन्वये १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर या दंडातून सूट देण्यात आली आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्याचे निवृत्तिखाते या मर्यादेत बसण्याचा संभव थोडाच.

परदेशातील खाते येथे दिसत नाही, हा समज आता टाकून दिला पाहिजे. भारत व अमेरिका यांच्यात २०१५ साली वित्तीय माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला. इतर अनेक देशांशी २०१७ पासून अशी माहिती आपोआप येऊ लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, ज्यांच्या परदेशी खात्यांची माहिती मिळाली आहे अशा करदात्यांना संदेश पाठवून विवरणपत्र सुधारण्याचे आवाहन केले होते. प्रामाणिक चूक वेळेत दुरुस्त करता येते. लपविलेली गोष्ट पुढे गुन्ह्याचे रूप घेते.

मुलाकडे गेलेले गुरुजी

आता उलट दिशेचा विचार करू. मुखेड तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले एक मुख्याध्यापक मुलाकडे अमेरिकेत राहावयास गेले असे समजा. त्यांचे निवृत्तिवेतन महाराष्ट्र शासनाचे आहे. ते भारतातील सेवेबद्दल मिळते, म्हणून ते अनिवासी झाले तरी भारतात करपात्रच राहते.

जाण्याचे वर्ष पाहा. ते १५ जुलै २०२५ रोजी गेले, तर १ एप्रिलपासून शंभराहून अधिक दिवस ते भारतात होते. मागील चार वर्षे ते गावीच होते. मुलाकडे राहावयास जाणे म्हणजे नोकरीसाठी जाणे नव्हे. म्हणून १८२ दिवसांची सवलत त्यांना मिळत नाही आणि २०२५-२६ या वर्षापुरते ते निवासीच राहतात. पुढील वर्षांत केवळ भेटीस आले, तर ते अनिवासी ठरतात.

अनिवासी होताच काही सवलती जातात. समजा त्यांचे निवृत्तिवेतन महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख रुपये आहे आणि दुसरे उत्पन्न नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे दर धरले, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ५ लाख २५ हजार करपात्र राहतात. चार लाखांपर्यंत कर नाही. उरलेल्या १ लाख २५ हजारांवर ५ टक्क्यांनी ६,२५० रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे २५० रुपये, असे ६,५०० रुपये होतात. गावी राहिले असते, तर कलम ८७-अ ची सूट मिळून कर शून्य झाला असता. ही सूट फक्त निवासी व्यक्तीस आहे. जुन्या प्रणालीतील ज्येष्ठ नागरिकांची वाढीव करमुक्त मर्यादाही निवासी व्यक्तीसाठीच आहे. दर एप्रिलमध्ये बँकेत १५-एच चे स्वयंघोषणापत्र देण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी अनिवासी झाल्यावर ते देऊ नये. ते खोटे विधान ठरते.

बँकेतील बचत खाते ‘अनिवासी सामान्य’ म्हणजे एन. आर. ओ. खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. त्यातील व्याजातून ३० टक्के व त्यावरील उपकर कापला जातो; कराराखालील कमी दर हवा असल्यास दुसऱ्या देशाचे निवासी प्रमाणपत्र द्यावे लागते. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते मुदत संपेपर्यंत चालविता येते, पण मुदतवाढ मिळत नाही. कर भरल्यानंतर निवृत्तिवेतनाची रक्कम परदेशी नेता येते. हयातीचा दाखला दर वर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, हे तर सर्व निवृत्तिवेतनधारक जाणतातच. परदेशात तो भारतीय दूतावास वा वाणिज्य दूतावासातून मिळविता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोयही झाली आहे.

अमेरिकेच्या नजरेतून

गुरुजींचे निवृत्तिवेतन अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी उत्पन्न होते. शासकीय व स्थानिक संस्थांच्या सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन करारानुसार भारतातच करपात्र आहे. परंतु ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड घेतले, त्यांना अमेरिकेत हा लाभ नाकारता येतो. त्यांना आपले जगातील सर्व उत्पन्न तेथे दाखवावे लागते आणि भारतात भरलेल्या कराची जमा मागावी लागते. मुलगा प्रेमाने ग्रीन कार्ड मिळवून देतो, पण त्याबरोबर येणारे हे ओझे पुष्कळदा कोणी सांगत नाही.

हे ओझे निवृत्तिवेतनापुरते थांबत नाही. लातूरच्या सोयाबीनचे शेती उत्पन्न भारतात आयकरातून मुक्त आहे, अमेरिकेत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे व्याज येथे करमुक्त, तेथे करपात्र. भारतातील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तरी त्या खात्यांची माहिती अमेरिकेच्या कोषविभागास द्यावी लागते. गावच्या बँकेतील मुदत ठेवीही त्यात आल्या.

केवळ पर्यटक म्हणून जाणाऱ्यांनीही दिवस मोजावेत. चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षी निदान ३१ दिवस तेथे वास्तव्य असले, तर अमेरिका त्यांना करापुरते निवासी मानते. तिन्ही वर्षे १२० दिवस राहिल्यास बेरीज १८० होते व माणूस बाहेर राहतो. तिन्ही वर्षे १५० दिवस राहिल्यास ती २२५ होते. तरीही चालू वर्षी १८३ दिवसांहून कमी वास्तव्य असेल व घरसंसार भारतात असेल, तर नमुना ८८४० भरून आपण निवासी नसल्याचे सांगता येते.

आखातातून परतणारे

संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबिया येथे पगारावर व्यक्तिगत आयकर नाही आणि परकीय कामगारास सर्वसाधारणपणे मासिक निवृत्तिवेतनही नाही. सेवा संपताना एकरकमी उपदान मिळते. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन आणि पुढील वर्षांसाठी ३० दिवसांचे, असा सामान्य नियम आहे. सौदी अरेबियात पहिली पाच वर्षे अर्ध्या महिन्याचे व पुढे एका महिन्याचे वेतन धरतात. ही रक्कम परतण्यापूर्वी तेथील आपल्या खात्यात घेणे आणि सेवा संपल्याचा व रकमेचा कागद जपून आणणे हिताचे. रक्कम भारतातच प्रथम हाती आली, तर करदेयतेचा प्रश्न उद्भवू शकतो.

वारसांचा प्रश्न

भारतात मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. त्यामुळे हा विषय आपल्या ध्यानीमनीही नसतो. अमेरिकेत मात्र तो आहे. अनिवासी परकीयाच्या तेथील मालमत्तेस केवळ ६० हजार डॉलरपर्यंत सूट असते, आणि निवृत्तिखाते हीही तेथील मालमत्ताच होय. भारत-अमेरिका यांच्यात या कराबाबत करार नाही. शिवाय पुष्कळ घरांतून पतीच्या परदेशी खात्याचा क्रमांकही पत्नीला ठाऊक नसतो. नामनिर्देशन केले आहे किंवा नाही, संस्थेचे नाव काय, कागद कोठे आहेत, हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवावे. विधवेच्या वाट्याला दुःखाबरोबर कागदांचा शोध येऊ नये, एवढी काळजी हयातीतच घेता येण्याजोगी आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

हा विषय तज्ज्ञांचा असला तरी गावातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी यांचे त्यात साह्य होऊ शकते. परतलेल्या किंवा परदेशी निघालेल्या कुटुंबास त्यांनी पुढील कागद एकत्र ठेवण्यास सांगावे : जुनी व नवी सर्व पारपत्रे; परदेशी खात्याची ३१ डिसेंबरची व वर्षभराची विवरणे; तेथील कर भरल्याचे पुरावे; नोकरीच्या कालावधीचे दाखले; निवृत्तिवेतन आदेश; आणि कायम खाते क्रमांक. परकी चलनाचे रुपयांत रूपांतर मनास येईल त्या भावाने न करता नियमात सांगितलेल्या तारखेच्या, भारतीय स्टेट बँकेच्या तार हस्तांतरण खरेदी दराने करावे लागते, हेही सांगावे. गावी नसलेल्या व्यक्तीस हयातीचा वा रहिवासाचा दाखला ओळखीखातर देऊ नये. त्यात देणारा व घेणारा दोघेही अडचणीत येतात.

आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून, त्यात १९६१ च्या अधिनियमातील कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वर दिलेले क्रमांक १९६१ च्या अधिनियमाचे आहेत. म्हणून विवरणपत्र भरताना त्या वर्षाचे कलम व नमुना पाहून घ्यावा. रक्कम मोठी असेल, तर सनदी लेखापालाचा सल्ला घेण्यात कुचराई करू नये. दोन्ही देशांचा कायदा जाणणारा सल्लागार मिळाल्यास उत्तम.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून दाखल झालेल्या कर्मचाऱ्यांना अंशदायी योजना लागू झाली. म्हणजे यापुढील पिढीचे निवृत्तिवेतनही बव्हंशी खात्यातील पुंजीच्या स्वरूपाचे राहणार आहे. ती पिढी जगभर फिरणार, तेव्हा तिचे खाते एका देशात व घर दुसऱ्या देशात असणे अपवादात्मक राहणार नाही. हाली आणि कलदार यांचा हिशेब ज्यांच्या आजोबांनी बिनचूक ठेवला, त्यांच्या नातवंडांना हा नवा हिशेबही जमण्यासारखा आहे. त्यासाठी दिवस मोजावेत, कागद जपावेत आणि जे आहे ते वेळेत सांगावे.